पियाचेन्झा ते रिमिनी, जेवत जेवत

३ सप्टेंबर
ठरलं. बारा ऑक्टोबरला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. त्या दिवशी इरिदेला घेऊन निघायचं. पियाचेन्झापासून रिमिनीपर्यंत, जुन्या हमरस्त्यानं, आपला अख्खा प्रांत जेवत जेवत. ज्या गावात उतरू तिथलाच पदार्थ, तिथलीच वाइन. कल्पना माझी.

इरिदे म्हणते, तिची. काल भांडी घासताना ती म्हणाली, एर्मेते, लग्न झाल्यापासून दर रविवारी मी पिठाच्या पारीत मांसाचं सारण भरून तोर्तेल्लीनी वळते, उकडते आणि तुला वाढते. एकदा मला खुर्चीत बसून खायचंय. वाढायचं दुसऱ्या कुणीतरी, आणि मी मधे उठायचं नाही. एवढंच दे. आता यात सहल कुठे आहे? सहल मी काढली.

सर्व्हेअर म्हणून जन्मभर लोकांच्या शेतांच्या हद्दी आखल्या. जेवणाची एक सहल आखणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

संकल्प: निघेपर्यंत वाइन बंद. जीभ कोरी पाहिजे.

४ सप्टेंबर
जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला. पट्टी, कंपास, चार रंगांच्या पेन्सिली. टेबलावर जागा उरली नाही म्हणून इरिदे ओट्याशी उभ्यानं जेवली. म्हणाली, मला सवय आहे. समजूतदार बाई.

दुपारी अर्धा ग्लास लांब्रुस्को घेतली, आमच्याकडची फेसाळ लाल वाइन. बंदी परगावच्या वाइनला आहे, घरच्या नाही. हे काल लिहायचं राहिलं.

८ सप्टेंबर
बारमध्ये लोरिस भेटला. माझा शाळेपासूनचा मित्र, पण अक्कल तेव्हाचीच. सगळ्यांदेखत म्हणाला, अरे, सुरुवात बोलोन्यापासून कर, तोर्तेल्लीनी मूळच्या तिथल्याच. आमच्या मोदेनाचं पाणी प्यायलेला माणूस हे बोलतो. मी त्याला शांतपणे समजावलं (बारवाला म्हणतो, मी टेबल बडवत होतो) की तोर्तेल्लीनी मोदेनाच्या, बोलोन्यावाल्यांनी उचलल्या आणि वर सारणही बिघडवलं. लोरिसनं विचारलं, तू तिथे खाल्ल्यास कधी? मी म्हटलं, विहिरीत पाणी आहे हे कळायला उडी मारावी लागत नाही.

घरी येऊन बोलोन्या खोडलं.

९ सप्टेंबर, रविवार
आज घरच्या तोर्तेल्लीनी, कोंबड्याच्या सुपात. काय सांगावं. आईनं इरिदेला लग्नानंतर शिकवलेलं सारण, चाळीस वर्षांत कणभर फरक नाही. ही जीभ फसत नाही. इरिदेला म्हटलं, अख्ख्या प्रांतात याहून चांगलं कुठे मिळणार? ती म्हणाली, मला चांगलं नकोच आहे, मला आयतं हवंय. विनोदी आहे कधीकधी. दोनदा वाढून घेतलं.

१४ सप्टेंबर
पार्माला एका खाणावळीत फोन केला. टेबल राखून ठेवण्याआधी चौकशी केलेली बरी. मालकाला विचारलं, तुमच्या सारणात काय असतं? तो म्हणाला, मांस चुलीवर दिवसभर शिजवतो, त्याच्या रसात पावाचा चुरा आणि चीज, तेच सारण. मी विचारलं, आणि मग मांस? तो म्हणाला, ते वेगळं वाढतो. म्हणजे सारणात पाव! मी त्याला सुधारणा सांगायला घेतली. लिहून घ्या म्हटलं. तो म्हणाला, आजोबा, तुम्ही जेवायला येताय की शिकवायला? आणि फोन ठेवला.

पार्मा रद्द. आजोबा म्हणे. माझे केस पांढरे आहेत हे त्याला फोनवर कसं दिसलं?

१८ सप्टेंबर
आज मोठी मजल मारली.
फेर्रारा: सारणात भोपळा. गोड. रद्द.
रिमिनी आणि तो सगळा समुद्राकडचा भाग: सारणात नुसतं चीज, मांसाचा पत्ता नाही. उपासाचं जेवण. रद्द.
पियाचेन्झा: सारण एकवेळ चालेल, पण तिथे वाइन पांढऱ्या वाटीतून पितात. वाटीतून मी फक्त काढा पितो. रद्द.

नकाशा आता कसा सुटसुटीत दिसतो. इरिदेनं बराच वेळ बघितला आणि विचारलं, मग आपण जाणार कुठे? मी म्हटलं, गाळण चालू आहे, धीर धर. ती म्हणाली, गाळणीत काही उरलं तर सांग.

संध्याकाळी दोन ग्लास. एवढ्या डोक्याच्या कामाला वाइन लागतेच. संकल्प तत्त्वतः चालू आहे.

२२ सप्टेंबर
आज रंगीत तालीम. सेक्किया नदी ओलांडून रेज्जोच्या बाजूला एका खाणावळीत गेलो. इरिदेचं माहेर त्याच बाजूचं, म्हणून त्या बाजूला एक संधी दिली. तिनं निळा ड्रेस घातला होता, कानात मोत्याचे डूल. खुर्चीत बसली, मांडीवर रुमाल पसरला, हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिली. खूश दिसत होती.

मी पूर्ण तयारीनं गेलो होतो. तुलना शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून घरच्या तोर्तेल्लीनी गरम सुपात थर्मासमधून नेल्या होत्या. खाणावळीची प्लेट आली की शेजारी आपली प्लेट, एक घास इकडचा, एक घास तिकडचा. पण थर्मासचं झाकण मला उघडेना. इरिदेनं उघडलं. ओतलंही तिनंच. थोडं टेबलक्लॉथवर सांडलं तेव्हा उठून तिनंच पुसलं. मग मला पुन्हा हवं होतं तेव्हा पुन्हा तीच उठली. तोवर तिची प्लेट निवली होती.

मालकीणबाई आल्या. सत्तरीच्या असतील. मला वाटलं भांडतील. त्या थर्मासकडे बघत म्हणाल्या, बघू तरी, आमच्या जेवणावर कुणाचा भरवसा नाही ते. आणि चमच्यानं एक उचलून खाल्ली. डोळे मिटून चावली. म्हणाल्या, आकार मोदेनाचा, पण सारण आमच्याकडचं आहे, रेज्जोचं, मुरवलेल्या मांसाचं. कुणी केल्या? इरिदे छताकडे बघत होती. मी हसून म्हटलं, बाई, ही माझ्या मोदेनाच्या आईची पाककृती आहे. त्या इरिदेकडे बघून म्हणाल्या, असेल बाई, असेल. आणि दोघी हसल्या.

वय झालं की जीभ जाते. वाईट वाटलं. रेज्जो रद्द.

२३ सप्टेंबर, रविवार
आज तोर्तेल्लीनी नाहीत. इरिदेचं डोकं दुखत होतं. माझ्या बहिणीशी, निवेसशी, फोनवर तासभर बोलताना मात्र दुखत नसावं. दार लावून बोलत होती. वर्धापनदिनासाठी मला काहीतरी सरप्राइज देणार असा अंदाज आहे. मी कळलं नाही असं दाखवतो.

अंडं उकडून खाल्लं. एक फुटलं.

५ ऑक्टोबर
आराखडा पूर्ण! गाळत गाळत शेवटी एकच जागा उरली, आणि ती बघून मी स्वतःच थक्क झालो. सारण निर्दोष, सूप निर्दोष, वाइन इथल्याच द्राक्षांची, पार्किंग फुकट. आमचं घर.

प्लॅन असा. बारा तारखेला सकाळी दोघांनी चांगले कपडे घालून गाडीत बसायचं, कालव्यापर्यंत एक चक्कर मारायची आणि पाहुण्यांसारखं घरी यायचं. मग इरिदेनं तोर्तेल्लीनी करायच्या. त्या दिवशी टेबल मी लावणार, हे तिला आधी सांगायचं नाही.

१० ऑक्टोबर
इरिदेला प्लॅन ऐकवला. टेबलाचंही सांगून टाकलं, राहवेना. ती ऐकत होती. ओट्यावर पीठ मळत होती, ते तसंच ठेवलं. हात धुतले. म्हणाली, छान आहे, एर्मेते. तू खोडलेली गावं तेवढी मला दे.

मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, निवेस आणि माझ्या दोघी मैत्रिणी, दिर्चे आणि ओम्ब्रेता, येतायत. आम्ही चौघी जातो. तू नको ती सगळी निवडून ठेवलीस, आमची मेहनत वाचली. मी म्हटलं, अगं पण पार्मात सारणात पाव घालतात. ती म्हणाली, दगड घातले तरी खाईन, दुसऱ्यानं घातले असले म्हणजे झालं.

रागावली वाटतं. दोन दिवसांत निवळेल.

१२ ऑक्टोबर
सकाळी गेली. निवेस गाडी चालवत होती. मला म्हणाली, एर्मेते, पाणी उकळल्यावर मीठ घाल, आधी नको. सख्खी बहीण. इरिदेनं गालावर पापा दिला, चाळीस वर्षांच्या शुभेच्छा दिल्या. मोत्याचे डूल घातले होते. मी खिडकीपर्यंत जाऊन सांगितलं, पियाचेन्झात वाटी दिली तर ग्लास माग. गाडी निघून गेली होती.

सहलीचा आराखडा माझाच, हे तिनं त्यांना सांगितलं असेलच. एका अर्थी मीच त्यांना नेतोय.

ठरल्याप्रमाणे चांगले कपडे घालून कालव्यापर्यंत चक्कर मारली. ठरल्याप्रमाणे टेबल लावलं. दोन प्लेटा मांडल्या, मग एक उचलून ठेवली. लोरिस आला होता. त्यानं विचारलं, जेवायला काय आहे? मी म्हटलं, लांब्रुस्को.

१३ ऑक्टोबर
सकाळपासून फोन नाही. घर फार मोठं आहे, हे आजवर मोजून माहीत होतं, आज कळलं. मला तिची आठवण येते. जेवणाच्या वेळी जास्त, पण बाकीच्या वेळीही.

दुपारी मीच फोन केला. पार्मात होत्या. काट्याचमच्यांचा आवाज, हसणं. मी विचारलं, सारण कसं आहे? ती म्हणाली, विचारलं नाही. मी म्हटलं, पाव लागतो का? ती म्हणाली, लक्ष नाही दिलं रे, आम्ही बोलत होतो. मग मी म्हटलं, इरिदे, उद्या तुम्ही बोलोन्यात असाल ना, मी सकाळच्या गाडीनं तिथे येतो. भांडणार नाही. थर्मास आणणार नाही.

ती अगदी मायेनं म्हणाली, एर्मेते, टेबल चौघींचंच सांगितलंय.

मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात तिच्यामागून एका माणसाचा आवाज आला, बाई, बसा तुम्ही, उठू नका, अजून थोडं वाढू का? इरिदे त्याला हो म्हणाली आणि फोन ठेवला.