सायलेन्सरचा वास

वस्ताद, आज सकाळी एक गाडी ढकलत आणली. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन चालू होत नाही. माझा कारागीर कॉम्प्युटरची वायर जोडेपर्यंत मी मागं जाऊन उकिडवा बसलो आणि सायलेन्सरला नाक लावलं. पेट्रोलचा वास आला, निदान मला तसं वाटलं. गिऱ्हाईक हसलं. मला स्वतःची किळस आली, आणि तुमचीही. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हा घाण प्रकार माझ्या अंगातून गेलेला नाही.

घाण म्हणतो, कारण तेव्हाही मला ती घाणच वाटायची. दहावी नापास होऊन, चार ठिकाणी हमाली करून मी तुमच्या पडेगावच्या रस्त्यावरच्या गॅरेजात आलो, तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. तुम्ही ज्या हातानं तंबाखू मळायचात त्याच हातानं भाकरी मोडायचात. ज्या फडक्यानं ऑइल पुसायचं त्यानंच तोंड. चहाच्या गिलासाच्या काठावर तुमच्या अंगठ्याचं ग्रीस. मी खिशात रुमाल ठेवायचो आणि दिवसातून आठ वेळा कपड्यांच्या पावडरीनं हात धुवायचो, बोटं फाटेपर्यंत. तुम्ही माझं नाव अत्तरवाला ठेवलंत. "अत्तरवाल्या, जवळ ये की. गाडी काय नवरी हाय व्हय, लांबून बघायला?"

विद्या मात्र तुमची खरी होती. सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरीत दोष नाही. मग राहिल्या दोनच गोष्टी, पेट्रोल आणि ठिणगी. चार वेळा सेल्फ मारायला लावून तुम्ही सायलेन्सर हुंगायचात. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पोचतंय, पण जळत नाही, ठिणगी शोधा. वास नसेल तर पेट्रोलच येत नाही. एकही नट न खोलता तुम्ही मोठ्यानं निकाल सांगायचात, आणि तो ऐकायला शेजारचा चहावाला हातातली किटली घेऊन थांबायचा.

मग तुम्ही मला हुंगायला लावू लागलात. "सर्दी झालीय रं, तू बघ." ती सर्दी उन्हाळ्यातही गेली नाही. टायरांच्या ढिगामागं उंदीर मरून कुजला, त्या दिवशी मला कळलं. चहावाला नाक दाबून पळाला. मी रस्त्याच्या कडेला जाऊन ओकलो. परत येतो तर तुम्ही त्याच ढिगाला टेकून भाकरी-ठेचा खाताय आणि मलाच विचारताय, "काय रं, पोट बिघडलं?" तुमचं जेवण झाल्यावर काडीनं उंदीर उचलला, तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तुमचं नाक गेलं होतं, आणि ते आपल्या दोघांनाच माहीत होतं.

त्यानंतर महिन्याभरानं कन्नडचे ते बागायतदार आले, तुमचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. लेकीला पैठणला सासरी सोडायला निघाले होते, आणि गाडी आपल्या गॅरेजच्या अलीकडेच बंद पडली. चार माणसं जमली. मी रुमालानं घाम पुसत होतो, एवढंच. तुम्ही ओरडलात, "बघा पाव्हणं, ह्याला मेकॅनिक व्हायचंय! आईनं पाळण्यात अत्तर शिंपडलं असंल. लाव की नाक, लाजतो कशाला?" सगळे हसले. मागच्या सीटवरची लेकही हसली. ज्या नाकावर तुमचं गॅरेज चाललं होतं, त्याच नाकाची तुम्ही चारचौघांत टिंगल केलीत. मी वाकलो. वास इतका होता की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "वास नाही, वस्ताद."

"पेट्रोल येत नाय," तुम्ही जाहीर केलंत. कार्बोरेटरची नळी काढलीत, मला सेल्फ मारायला लावलंत, आणि पेट्रोलची पिचकारी तुमच्या मनगटावर उडाली. उघड्या बॉनेटच्या फटीतून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तिथंच तुम्ही सांगायचं होतं, हा खोटं बोलला. पण मग तुम्ही स्वतः का नाही हुंगलं, असं कुणीतरी विचारलं असतं. तुम्ही मान खाली घातलीत आणि चांगला चाललेला कार्बोरेटर खोलून दोन तास साफ करत बसलात. परत जोडला, सेल्फ फिरला, गाडी नाही. "राहू द्या वस्ताद, वय झालं आता," पाव्हणे म्हणाले आणि गाडी समोरच्या गॅरेजात ढकलत नेली. तिथल्या माणसानं ठिणगी तपासली, ठिणगीचा कंडेन्सर बदलला, आणि इंजिन चालू झाल्याचा आवाज आपण दोघांनी रस्त्याच्या ह्या बाजूला ऐकला. पुढं कन्नडकडची गिऱ्हाइकं समोरच थांबू लागली. वर्षभरात तुम्ही शटर ओढलंत, आणि त्यानंतर फार जगला नाहीत.

ती गाडी समोर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पान्यानं हाणलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही खिशातून चंदनाचा साबण काढलात. "पावडरीनं हात फाटत्यात तुझे. घे." मग तो नाकाशी नेऊन, जरा ओशाळून विचारलंत, "वास कसाय? दुकानदार म्हनला, लई चांगलाय." आदल्या दिवशी ज्यानं खोटं सांगितलं त्यालाच विचारत होतात. मी म्हणालो, "चांगलाय." तुम्ही नुसती मान हलवलीत. मला पुन्हा कधी हुंगायला सांगितलं नाहीत.

तो साबण मी वापरला नाही. टेबलाच्या खणात आहे, हे लिहितोय ते कागदही तिथंच जातील. रोज शटर उघडल्यावर मी आधी तो हुंगतो. तुमच्या आठवणीनं नाही, भीतीनं. माझं नाक शाबूत आहे का ते बघायला. गेले काही दिवस वास फार बारीक येतो. साबण जुना झालाय की माझं नाक जायला लागलंय, मला ठरवता येत नाही. कारागिराला हुंगायला सांगता येईल. पण कालच चार माणसांत मी त्याला गाढव म्हणालो, म्हणून अजून विचारलेलं नाही.