पायाकडची टीप

दि. ११ एप्रिल

चि. भिंगरीस आईचा आशीर्वाद.

इकडे सगळं बरं. तुझ्या बाबांचा खोकला तसाच आहे आणि सिगारेटही तशीच. तुझी दुलई झाली. पार्सल तुझ्या कामावर धाडतेय, घरी नाही. पत्र वाचून फाड.

कापड छत्रीवाल्याकडून आणलं. मेलं इतकं बुळबुळीत की मशीनखालून माशासारखं निसटतं. आत फायबरचा एकच पातळ थर आहे, उकाड्यात पुरे. घडी केली की ओंजळीत मावते. घरात धड पलंग असताना झाडांना झोळी बांधून तीत झोपायचं, हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. असो. तू म्हणालीस तशीच शिवलीय. वरून उघडी, पायाकडे पिशवीसारखी बंद. म्हणजे झोळी हलली तरी सरकायची नाही.

परवा जावईबापूंचा फोन आला. कधी नव्हे ते गोड बोलले. "आई, ती पिशवी कमरेपर्यंत घ्या. आणि टीप दुहेरी मारा. ही झोपेत फार पाय झाडते."

बरं म्हटलं. फोन ठेवून मशीनवर बसले, तर सुईत दोरा जाईना.

लग्नापर्यंत माझ्या शेजारी झोपलीस. ओंडक्यासारखी. पाय कधी झाडलेस ग?

गेल्या उन्हाळ्यात जंगलातून आलीस तेव्हा तळवे सोलले होते. "उतारावर घसरले," म्हणालीस. घसरणाऱ्याच्या पायात बूट असतात. तळवे सोलतात अनवाणी पळणाऱ्याचे. आणि एवढ्या उन्हात गळ्याला रुमाल कोण गुंडाळतं? मी तेव्हा विचारलं नाही, आत्ताही विचारत नाही. मला शिवता येतं, विचारता येत नाही.

बाबांपाशी बोलले तर म्हणाले, "नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये." म्हटलं, मी कुठे पडतेय, मी शिवतेय.

तर नीट ऐक. पिशवी त्याने सांगितली तशी कमरेपर्यंत आहे. टीपही दुहेरी दिसते. पण ती दोन्ही कडांवर वेगवेगळी मारलीय, नुसती दिसायला. कडा एकमेकींना धरल्यात त्या कच्च्या दोऱ्याने. त्याने हाताने ओढून बघितलं तर टिकेल. तू दोन्ही पाय जुळवून लाथ घातलीस की खालपर्यंत उसवत जाईल. मी स्वतः आत शिरून लाथ मारून बघितली, मग पुन्हा तशीच टाचली. बाबा म्हणाले, म्हातारीला चळ लागला.

उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला कच्चं काम दिलं नाही. पहिलं तुला देतेय.

यंदा त्याच्याबरोबर जंगलात जाऊच नकोस, असं लिहिलं आणि खोडलं. त्याला नाही म्हणणं तुला जमत असतं तर ही अशी शिवावी लागली नसती. बूट झोळीखाली ठेवू नकोस, आत उशाशी घे. रस्ता कुठल्या बाजूला आहे ते उजेडीच बघून ठेव. मग मागे वळू नकोस. दुलई राहिली तर राहू दे तिथेच, दुलया काय, मी ढिगाने शिवीन.

बाबा कुरकुरतात, चोर येईल म्हणून. येईना का.

आजपासून दाराला कडी न लावणारी
तुझी आई