वहिनीच्या घराचे कागद

३ जानेवारी

पुन्हा तेच! सावकाराने बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या आणि म्हणाला, "बाई, हे व्याजात गेलं." सगळं? सगळं! महिन्याला तीन टक्के. मुद्दल जागचं हललेलं नाही. डोकं सणकलं, पण तोंडातून "बरं" एवढंच आलं.

बँक, साबणवाला, दुकानाचं थकलेलं भाडं — कोर्टाने मला दिवाळखोर ठरवलं तेव्हा हे सगळं निकालात निघालं. याचं एकट्याचं नाव मी यादीत घातलंच नाही. घातलं असतं तर हा सरळ वहिनीच्या दारात गेला असता. माझ्या लॉन्ड्रीसाठी तिने स्वतःच्या घराचे कागद याच्याकडे ठेवले. दादाच्या शब्दाखातर. दादा गेला. कागद तिथेच आहेत.

वकील म्हणाला होता, "हा शुद्ध वेडेपणा आहे." असू दे.

९ जानेवारी

हॉटेलच्या लॉन्ड्रीत आज दोनशे चादरी. सुपरवायझर मला इस्त्री कशी धरायची ते शिकवत होता. मला! एकोणीस वर्षं स्वतःचं दुकान चालवलेल्या बाईला! "हो सर" म्हटलं. मग सबंध दुपार उशांच्या अभ्र्यांवर राग काढला. अभ्रे मात्र झकास निघाले.

१० जानेवारी

जादा पाळी मागून घेतली. गुडघे बोंबलताहेत.

२ फेब्रुवारी

वहिनीकडे जेवायला. वाढता वाढता बोललीच — "कागद अजून तिकडेच आहेत, एवढं लक्षात असू दे म्हणजे झालं." मी विसरेन? उठता बसता दुसरं काय आहे माझ्या डोक्यात? ताटावरून उठलेच. तिने दारात डबा हातात कोंबला. "राग असू दे, भाजी ने."

नेली. चांगली झाली होती. त्याचाही राग आला.

१७ मार्च

स्कूटर विकली. शिलाई मशीनही. मोठी जागा सोडून एका खोलीत आले. सगळी रक्कम एकदम सावकाराच्या पुढ्यात ठेवली आणि पावतीवर "मुद्दलापोटी" असं लिहून घेतलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता!

१८ मार्च

कामावर चालत. पन्नास मिनिटं. चालताना हिशेब, चादर घालताना हिशेब, दात घासताना हिशेब. एका जागी बसवत म्हणून नाही.

१४ नोव्हेंबर (ही तिसरी वही)

सुटले! सुटले! सुटले! कागद हातात पडले. त्याच्यासमोरच तीनदा वाचले.

निघताना म्हणतो कसा, "तुमची ती जुनी वाफेची प्रेस माझ्या गोदामात आहे. लिलावात ज्याने घेतली तोही बुडाला. देऊ का? तुमच्यासारखं नियमित गिऱ्हाईक मिळत नाही हो." वर किंमतही सांगून मोकळा. मी म्हटलं, "या जन्मात नाही!"

तशीच वहिनीकडे. कागद टेबलावर आपटले. ती रडली, मीही रडले. मग तिला प्रेसची गंमत सांगितली — बघ, किती निर्लज्ज माणूस! आणि सांगता सांगता वाहवतच गेले. तिचं पेडल कसं डावीकडून दाबावं लागायचं, कोटाची कॉलर एका दाबात कशी बसायची, सकाळी पहिली वाफ सुटली की कसं वाटायचं. किती वेळ बोलले कोण जाणे. वहिनी ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "किती मागतो?"

सांगितलं. चहा गार झाला होता.

१९ नोव्हेंबर

कर्ज नाही. तरी चैन नाही! रिकामं रिकामं वाटतं. आता राबायचं कशासाठी? सुपरवायझरला उलट उत्तर दिलं. बरं वाटलं — दहा मिनिटं.

२३ नोव्हेंबर

सकाळी दारात टेम्पो. आत प्रेस. पुढच्या सीटवरून वहिनी उतरली. "अशी बघत काय उभी राहिलीस? हात लाव." घराचे कागद पुन्हा त्याच्याकडे. तीन टक्केच. या वेळी कर्जदार म्हणून सही तिची आहे.