काठ आणि मधलं

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. तुम्ही असतात तर आधी कागद उजेडात धरून शाईचा रंग पाहिला असतात, मजकूर मग सावकाश. सुरतेत पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, तुम्ही कलर मास्टर, पण गोडादऱ्याच्या आपल्या दोन खोल्यांतही ती मास्तरकी सुटायची नाही. भाजीत हळद जास्त पडली की चव घेण्याआधीच तुमच्या कपाळाला आठी. सातवीत असताना मी बाजारातून ड्रेसचं कापड आणलं आणि दोन्ही काठ पाहून घेतलंय, असं तोऱ्यात सांगितलं. तुम्ही ते गॅलरीत नेऊन पूर्ण उलगडलंत. मधोमध रंग उतरलेला. "काठ तर दुकानदार दखाडसच. मझारनं तुले देखनं पडस," म्हणालात. काठ दुकानदार दाखवतोच, मधलं आपण पाहायचं. मी रडले, तरी तुम्ही कात्री घेऊन शिकवत राहिलात: कापडाची आडवी पट्टी कापायची, काठ, मधलं आणि काठ शेजारी-शेजारी ठेवून रंग जुळतो का पाहायचं, मगच ताका, म्हणजे अख्खं थान, पास करायचा. त्या कापडाचा ड्रेस मी दोन वर्षं घातला, पाठीवर फिका.

पुढे मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये लागले, तेव्हा तुम्ही अख्ख्या गल्लीत सांगत सुटलात की पोरगीपण रंगाचंच काम करते. चेष्टा होती, पण खोटी नव्हती. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन रंगवायचा. ज्या पेशी वाढीला लागल्यात त्या तपकिरी होतात, बाकीच्या निळ्या राहतात. लिम्फोमाच्या, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, गाठीत तपकिरी जितकं जास्त, तितका आजार घाईत. आधी हे सगळं डोळ्यांनी मोजायचे. मग लॅबच्या मोठ्या सरांनी मायक्रोस्कोपवर कॅमेरा बसवून तो कॉम्प्युटरला जोडला. आता तपकिरी किती, याचा आकडा यंत्र द्यायचं. फक्त चित्र कुठल्या जागेचं घ्यायचं, ते मोजणाऱ्याच्या हातात. सरांचा नियम होता की आधी सगळी काच फिरायची, नंतर जागा निवडायच्या. मला तो नियम नवा वाटलाच नाही.

आणि मग तुमच्या मानेतली ती गाठ. तुम्ही ती तीन महिने मफलरखाली दडवलीत, सुरतेच्या उकाड्यात मफलर! डॉक्टर म्हणाले, लिम्फोमा आहे. तपकिरीचा आकडा मोठा आला तर औषधं लगेच, लहान आला तर थोडं थांबता येईल. धाकट्या बहिणीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. तुम्ही मला म्हणालात, "तुन्हं मशीन जे सांगी, ते मी करसू." तुमच्या गाठीचा काप आमच्याच लॅबमध्ये आला, तेव्हा सरांनी विचारलं, ही काच दुसऱ्या कुणाला देऊ का? मी नको म्हणाले.

एसीच्या खोलीत मी बसले आहे. काच कडेकडेने फिरवते आहे. कडेला निळंच निळं, तपकिरी तुरळक. एक चित्र घेते, दुसरं घेते, पाच घेते. मध्यावर तपकिरीचा दाट पट्टा आहे, तो मी सुरुवातीलाच पाहिला आहे, आणि तिकडे हात जात नाही. मी भ्याले होते, आप्पा. लग्नाच्या मांडवात तुम्ही केसांसकट, हसत उभे हवे होतात मला. आकडा लहान आला आणि मला हायसं वाटलं.

तेवढ्यात तुम्ही दारात, मी घरी विसरलेला डबा घेऊन. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नाहीत म्हणून बाहेर काढून आलात. नखांत कालचा निळा रंग. डबा टेबलावर ठेवलात आणि पडद्याकडे पाहिलंत. चित्राच्या एका बाजूला रिकामी काच पांढरी दिसत होती.

"हाऊ काठ शे. मझारनं दखाड."

"मधलं घ्यायचं बाकी आहे," मी म्हणाले आणि काच सरकवली. पडदा तपकिरी झाला. तुम्ही पुष्कळ वेळ पाहत राहिलात, ताका पाहायचात तसे.

"मन्हं शे ना?"

तुमचंच, अशी मी मान हलवली.

"रंग पक्का शे," म्हणालात. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, "डॉक्टरले हाईच दखाड. लगीनले मी फेटा बांधीसन ईसू."

त्याच आठवड्यात औषधं सुरू झाली. केस गेले, फेट्याचा रंग तुम्ही स्वतः जुळवलात, आणि त्यानंतर चार वर्षं मिळाली आपल्याला. धाकटीची पोर तुमच्या मांडीवर खेळली. कडेचा आकडा डॉक्टरांकडे गेला असता तर काय झालं असतं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

आता लॅबमध्ये नव्या आलेल्यांना मीच शिकवते: काठ, मधलं, काठ. वडिलांनी शिकवलं म्हणते, लोक कौतुक करतात. हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीये, फक्त एक सांगायचं आहे. त्या दिवशी काहीही बाकी नव्हतं, आप्पा. कडेच्या आकड्याचा रिपोर्ट छापून फाइलमध्ये लावून झाला होता. तुम्ही डबा ठेवलात, तो त्याच फाइलवर.