निळ्या पेल्यातलं तेल

३ नोव्हेंबर

चि. नाकोबास,
अनेक आशीर्वाद.

तेलाचा नमुना तपासणीला पाठवून पंधरा दिवस झाले, निकालाचा पत्ता नाही. पोस्टमन हल्ली मला पाहून लांबूनच मान हलवतो. यंदाचा नियम तुला ठाऊकच आहे. तेल ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’, म्हणजे वासाचवीत एकही दोष नसलेलं, ठरलं तरच मूळस्थानाचा शिक्का, आणि शिक्का नसेल तर बाटलीवर आपल्या टेकडीचं नाव लावायचं नाही. बाबांनी ते चाळीस वर्षं लावलंय. ते म्हणतात, टेकडी आपली, ऑलिव्हची झाडं आपली, मग परवानगी कसली? मी म्हटलं, शिक्का तेल कुठलं ते सांगतो आणि दर्जा ते कसं काढलं ते. त्यावर, मला शिकवू नकोस, म्हणाले. गुडघ्यांमुळे घाण्याकडे येणं बंद झालंय, पण हुकूम खुर्चीतून चालूच आहेत.

दर्जा ठरवायला तेल हुंगून चाखणाऱ्यांत तू बसतोस म्हणून निकाल विचारत नाही. पण जीव टांगणीला लागलाय. कामात लक्ष नाही, काल झाकणाशिवाय डबा उचलला. तू जेवतोस ना वेळेवर?

लोभ असेल तर दोन ओळी खरडशील.
तुझी ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल येईलच, पण आधी माझ्याकडून ऐक. आपलं तेल नापास झालं.

रंग दिसू नये म्हणून आम्हाला तेल निळ्या पेल्यात देतात, वर नुसता आकडा. चौथ्या पेल्याचं झाकण उचललं आणि मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. डोळे भरून आले. दोषाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. बाकीच्या सातही जणांनी एकच दोष लिहिला, पोत्यात आंबलेल्या फळांचा वास. प्रमुखबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, नाक चोंदलंय का? मी सर्दीवर ढकललं.

घाणा भरण्याइतकी फळं जमेपर्यंत आपण पोती चार-चार दिवस रचून ठेवतो ना, बाबांच्या पद्धतीनं, त्याचाच हा वास. ज्याला आपण घरची चव म्हणत आलो, तो दोष आहे. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

मागच्या उतारावरची फळं तोडायची राहिलीत. ती तोडल्या दिवशीच घाण्यात घाल आणि दुसरा नमुना पाठव. तो चाखायला मी बसणार नाही. चौथा पेला घरचा होता, हे प्रमुखबाईंना आज खरं सांगून आलो. बाबांना तूच सांग, मला धीर होत नाही.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर धुमसत होते. मग पोती गुंडाळून ठेवली, जाळीचे क्रेट आणले आणि रोज अर्धाच घाणा चालवला. आवाज ऐकून बाबा विचारायचे, मूठभर फळांसाठी यंत्र कशाला झिजवतेस? मी पुढचा क्रेट उचलून निघायचे.

काल शिक्का आला. टेकडीचं नाव राहिलं, बाबा. बघ, तुझ्याऐवजी त्यांनाच लिहून गेले. अजून त्यांना काहीच सांगितलेलं नाही.

आज सकाळी त्यांना पावावर नवं तेल घालून दिलं. ताज्या तेलाच्या तिखटपणानं जरा ठसका लागला, पण सावकाश खाल्लं, आणखी मागितलं. मग बोटं पुसत म्हणाले, तेल उत्तम आहे. कुणाकडचं आणलंस?

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. एकटीनं हे व्हायचं नाही. तू ये.

तोवर लोभ सांभाळून ठेव.
तुझी ताई