आपल्या वर्गाचं घर

बाई, मी आता सातवीला गणित शिकवते. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते आणि आपलं पुढे काय होणार हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. माझी शाळा सायखेड्याच्या पुढे, गोदावरीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. शाळेच्या तिन्ही बाजूंना द्राक्षबागा. आमच्या घरात पदवी घेणारी मीच पहिली. पप्पांनी ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं आणि भिंतीवर इतक्या उंच लावलं, की ते कुणालाच वाचता येत नाही. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "वाचायचं कशाला? आल्या-गेल्याला दिसलं पायजे." हे सगळं तुम्हाला आनंदाने लिहायला मला आवडलं असतं. पण शाळा सुटून वर्ग रिकामा झालाय, एसटीला अजून वेळ आहे, आणि गेल्या आठवड्यात याच वर्गात जे झालं ते सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी मला सुचत नाही.

तुम्ही पुस्तकातलं उदाहरण कधीच तसंच्या तसं सोडवून घेतलं नाही. सरावसंचात दोन नळांनी हौद भरायला लागला, की तुम्ही विचारायचात, "हा हौद कुणी पाहिलाय?" कुणीच पाहिलेला नसायचा. मग आम्ही बादली घेऊन शाळेच्या टाकीखाली. एक जण मोठ्याने आकडे म्हणतोय, एक जण नळ धरून बसलाय, बाकीचे भिजतायत, आणि मागे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या त्या उंच चिमण्या. बादली भरायला लागलेल्या वेळावरून टाकी भरायचा वेळ काढायचा, पण त्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा. अंदाज चुकला म्हणून तुम्ही कधी रागावला नाहीत. एककाचं मात्र वेगळं होतं. मी एकदा फळ्यावर नुसतं "बारा" लिहून ऐटीत जागेवर निघाले, तर तुम्ही पाठीमागून म्हणालात, "बारा काय गं? बारा बकऱ्या?" त्यानंतर कितीतरी दिवस वर्गात माझं नाव बकरी होतं. आजही उत्तराखाली मीटर लिहिताना तुमचा आवाज ऐकू येतो.

मुलाखतीत मला विचारलं होतं, गणित कसं शिकवाल? मी म्हणाले, रोजच्या जगण्यातून. ते तुमचंच होतं. मुख्याध्यापक हसून म्हणाले, "जगणं वगैरे ठीक आहे मॅडम, पण सरावसंच वेळेत संपवा." मला त्यांची कीव आली होती. बाजारच्या दिवशी मी मुलांना वांग्यांच्या ढिगाचं वजन अंदाजाने सांगायला लावलं, बागेत नेऊन वेलींच्या ओळींवर गुणाकार करून घेतले, आणि त्याचे फोटो काढून माझ्या स्टेटसला ठेवले. लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मला वाटत होतं, तुमचं काम मी पुढे नेतेय.

क्षेत्रफळाचा धडा आला. मी सांगितलं, उद्या प्रत्येकाने आपल्या घराची मापं घेऊन यायची. फळ्यावर घराचा नकाशा काढायचा, क्षेत्रफळ काढायचं आणि घरातल्या माणसांनी भागायचं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती जागा येते ते कळेल. किती छान उदाहरण सुचलं, असं त्या संध्याकाळी गाडीत मला वाटत होतं. मोजायला कुणाकडे काही नसेल म्हणून तुमचा टेपसुद्धा वर्गात दिला होता. आठवीचा निकाल घेऊन मी तुमच्या क्वार्टरवर आले होते, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत होतात. शिवणयंत्राच्या खणातून तो पिवळा टेप काढून माझ्या हातावर ठेवलात. "पहिला इंच झिजलाय. एकपासून मोजायचं आणि शेवटी एक वजा करायचा. विसरलीस तर सगळी मापं मोठी येतील." मेथीची ओली माती तुमच्या बोटांवरून टेपला लागली होती. ती मी बरेच दिवस पुसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलं एकेक करून फळ्यावर आली. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, सुरगाण्याकडची. तिचे आईवडील बागेच्या कामाला आलेत. हंगाम असेपर्यंत इथे राहतात, मग परत जातात. मुलगी अबोल, पण हिशोबात पक्की. तिने फळ्यावर मोठा नकाशा काढला. पुढे ओसरी, मग हॉल, स्वयंपाकघर, आत दोन खोल्या, वर जिना. रेषा सरळ, मापं नीट लिहिलेली, एककंसुद्धा. मी विचारलं, "हे कुणाचं घर?" ती फळ्याकडेच बघत म्हणाली, "आमचं." मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "मॅडम, हा तर आमच्या काकांचा बंगला हाय! हिची आई भांडी घासायला येती तिथं." दुसरा म्हणाला, "हिचं घर तर घडी घालून टेम्पोत टाकता येतं मॅडम, त्याचं कसलं क्षेत्रफळ?" वर्ग खो खो हसला. आणि मी, बाई, मी म्हणाले, "गणितात खोटी मापं चालत नाहीत. पूस ते. उद्या खरी मोजून आण." तिने डस्टर घेतलं नाही. तळहाताने पुसलं, आधी जिना, मग खोल्या, ओसरी सगळ्यात शेवटी. मधल्या सुट्टीनंतर ती वर्गात आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या-चौथ्याही नाही.

हे मी कसं बोलले, याचा विचार मी रोज गाडीत करतेय. मला काही माहीत नव्हतं असं नाही. मी सातवीत असताना तुम्हीही असंच सांगितलं होतं: घरातल्या सगळ्यात लांब भिंतीएवढी सुतळी कापून आणा. वर्गातली निम्मी मुलं कॉलनीतल्या क्वार्टर्समध्ये राहायची. पप्पा तिथेच ठेकेदाराकडे कामाला, पण आमची खोली कॉलनीच्या भिंतीबाहेर, पत्र्याची. एका भिंतीला आईची चूल, दुसरीला आमची अंथरुणं, आणि मधे जे उरायचं त्यात आम्ही. मी सुतळीचा गुंडा घेऊन मैत्रिणीच्या क्वार्टरवर गेले. तिच्या आईला सांगितलं, "काकू, आमच्याकडे पाहुणे आलेत, मोजता येईना. तुमच्याकडे मोजू?" काकूंनी वर चिवडा दिला. 

मग तो व्हरांडा. शहाबादी फरशीवर आम्ही गुडघे टेकून बसलोय. तुम्ही म्हणताय, "लावा सुतळ्या एकीखाली एक." कॉलनीतल्या मुलांच्या सुतळ्या जवळजवळ सारख्या, कारण क्वार्टर्स सारखे. माझी पाळी येते. मी माझी सुतळी त्यांच्याखाली सरळ करते आणि ती टोकाला टोक लागून बसते. तुम्ही सुतळीकडे बघता, मग माझ्याकडे. तुम्ही रोज संध्याकाळी दूध आणायला आमच्या दारावरून जायचात, बाई. मी दारात भांडी घासत असले की मला हाकही मारायचात. फरशीचा गारवा माझ्या गुडघ्यातून वर चढतोय. आणि तुम्ही एकदम हात झटकून म्हणता, "अगं बाई, मी पण काय सांगतेय! अशा लावून काय कळणार? उचला सगळ्या. एकीला एक बांधा बघू." मग नुसता गोंधळ. कुणाची गाठ सुटतेय, कुणी म्हणतंय गाठीत गेलेली सुतळी धरायची का नाही, तुम्ही म्हणताय धरा, भांडू नका. ती सुतळी व्हरांड्यातून पायऱ्या उतरून मैदानात गेली, निशाणाच्या खांबाला वळसा घालून परत आली. सगळी मोजली आणि वर्गातल्या मुलांनी भागली. उत्तर फळ्यावर लिहून तुम्ही म्हणालात, "हे कुणाच्याच घराचं माप नाही. हे आपल्या वर्गाचं घर. याला सरासरी म्हणतात."

इतकी वर्षं मी समजत होते, की तुम्ही त्या दिवशी सरासरीच शिकवायला आला होतात. माझ्या वर्गातली ही मुलगी तीन दिवस आली नाही, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की पुस्तकात सरासरीचा धडा तेव्हा अजून बराच लांब होता. तुम्ही माझा चेहरा बघून धडा बदलला होता. आणि मला फळ्यावर तो बंगला दिसला तेव्हा तिच्याबद्दल माया वाटायला हवी होती, तर मला राग आला. वाटलं, ही पोर माझं काहीतरी सगळ्यांसमोर काढतेय. अंगावर नीट साडी, पर्समध्ये पेन, मॅडम म्हणणारी मुलं, आणि हिने एका नकाशात मला परत पत्र्याच्या खोलीत नेऊन बसवलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी बागेत गेले. बागेच्या कडेला बांबू आणि ताडपत्रीचं खोपटं. तिची आई घडांची विरळणी सोडून आली. पदराने हात पुसत म्हणाली, "या बाई, बसा," आणि गोणपाट अंथरलं. मुलं मला मॅडम म्हणतात. बाई म्हणून मला पहिल्यांदाच कुणी हाक मारली, आणि ती या दिवशी. मी विचारलं, पोरगी का येत नाही. "म्हणती, शाळंत घर मोजत्यात. आमचं काय मोजायचं, बाई? नाय तर नाय, येईल बागंत माझ्यासंग. थोरलीबी सातवीलाच सुटली." थोरली समोरच वेलीखाली उभी होती. हात वर, मान वाकडी, कात्रीने भराभर मणी गाळत. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

धाकटी खोपटाच्या मागे होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. माफी मागायला शब्द जुळेनात म्हणून तिला सुतळीची गोष्ट सांगितली, काकूंच्या चिवड्यासकट. ती काडीने मातीत रेघा ओढत ऐकत होती.

"मंग तुमच्या बाईंनी मारलं?"

"नाही."

"वरडल्या?"

"नाही गं. सगळ्यांच्या सुतळ्या एकमेकींना बांधायला लावल्या."

 ती मान वर करून म्हणाली, "मंग तुमी का नाय बांधल्या?"

बाई, तिच्या आवाजात टोमणा नव्हता. एखादी पायरी गाळलेली दिसली की मुलं विचारतात ना, तसं तिने विचारलं.  मी म्हणाले, "सोमवारी बांधू."  निघताना आईने ओंजळभर द्राक्षं दिली. आंबट होती. मी एसटीत सगळी खाल्ली.

रविवारी पालकांच्या ग्रुपवर मी मुलांना निरोप टाकला होता, सोमवारी सगळ्यांनी घरातल्या एका भिंतीएवढी सुतळी आणायची, गुंडाळूनच, आणि दारातच शेजाऱ्याच्या सुतळीला बांधायची. आज सोमवार. प्रार्थना झाली, हजेरी झाली, तिचं नाव मी दोनदा घेतलं. पहिला तास अर्धा झाल्यावर ती दारात दिसली. मुठीत सुतळी होती. ती किती लांब होती ते मी पाहिलं नाही, आणि टेम्पोचं बोललेल्या त्या मुलालाही पाहू दिलं नाही. त्याच्याच सुतळीला तिची बांधली. आमची सुतळी शाळेच्या फाटकापर्यंत गेली. भागाकार तिनेच केला, फळ्यावर, आणि मी काही म्हणायच्या आत उत्तराखाली मीटर लिहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. तुमचा क्वार्टरही आता दुसऱ्या कुणाचा आहे. ते वहीतच राहील. मला खरं तर इथेच थांबायचं होतं, तुम्हाला बरं वाटलं असतं. पण शाळा सुटल्यावर ती सुतळी गुंडाळायला माझ्याबरोबर थांबली होती. गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "आई इचारत व्हती, जाती का नाय शाळंत. मी म्हणलं, जाते. पोरं हसली, मॅडम नव्हत्या हसल्या." मी "हं" म्हटलं आणि एक गाठ सोडवत बसले. ती गाठ सोडवायची गरज नव्हती.

तिची पाठ होती वर्गाकडे, बाई. तो टेम्पोचं बोलला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसले होते.