शुक्रवारच्या टेबलाची वाटणी

मी, खाली सही करणारी, काजं-बटणं करून संसार ओढलेली आणि आता सगळ्यांची आजी झालेली बाई, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कुणी मानगुटीवर बसलेलं नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षराला हसू नये. वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणाले, मी टाइप करून देतो. मी म्हटलं, नको, टाइप केलं की मधेच बोलता येत नाही. मागच्या शनिवारी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागाने लिहिलं होतं. आज मी खुशीत आहे. का, ते पुढे येईल.

कलम पहिलं, घर. मला मुलगा एकच, त्यामुळे भांडायला कुणी नाही. घर त्याला आणि सूनबाईला दोघांच्या नावाने मिळावं. सूनबाई गुणाची आहे. तिच्या आईबद्दल पुढे बोलते.

कलम दुसरं. बांगड्या आणि बँकेत असेल ते नातीच्या शिक्षणाला. शिवणयंत्र समोरच्या शिंपीणबाईंना. ते टेलरमास्तरांच्या मुलाने मागितलं होतं, पण त्याला सुईसुद्धा देऊ नये. त्याच्या बापाच्या दुकानात मी काजं करून डोळे घालवले आणि गिऱ्हाईक कोटाची तारीफ करायला लागलं की मास्तर मला आतल्या खोलीत पाठवायचे. मास्तर गेले, पण हिशेब मिटलेला नाही.

कलम तिसरं, बटणांचा डबा. हा नातीला. आमचे हे बोटीवर खानसामा होते. लोक बोटीवरून घड्याळं आणतात, ह्यांनी पोकर आणलं. मी पहिल्याच दिवशी अट घातली की टेबलावर पैसा यायचा नाही. तेव्हापासून आम्ही बटणांवर खेळतो. शर्टाचं बटण हलकं, पॅंटचं त्याहून भारी, कोटाचं सगळ्यांत भारी. डब्याबरोबर खेळायची रीतही देते, कारण नुसता डबा म्हणजे नुसतीच बटणं.

बाळा, आपली पाळी आल्याशिवाय बटणं पुढे सरकवू नये आणि पानं टाकून देणार असं तोंडावर दाखवूही नये. त्याने पुढच्याचा डाव नासतो. एकदा पानं टाकली की गप्प बसावं. जिंकलीस तर बटणं मुकाट ओढून घे, हरलीस तर कहाणी सांगू नकोस. औषधांच्या दुकानवाले भाऊजी प्रत्येक हरलेल्या डावाची कहाणी सांगतात आणि तेवढ्यात चहा गार होतो. खेळायचं म्हणशील तर दहातले सात डाव सोडून द्यायला शीक. प्रत्येक डावात असणारा माणूस प्रत्येक बोलण्यात तोंड घालणाऱ्यासारखा. थाप क्वचित मारावी, आणि मधल्या उघड्या पानांना शोभेल अशीच मारावी. भाऊजींना कधी मारू नये. ते काही सोडतच नाहीत, त्यांना थाप म्हणजे भिंतीला टोमणा. जो धडाधड बटणं चढवतो त्याच्या डाव्या हाताला बस, म्हणजे त्याचं आधी दिसतं आणि आपलं मागून. आणि विहीणबाईंकडे चांगली पानं आली की त्या एक गोष्ट करतात. ती मी तुझ्या कानात सांगितली आहे. इथे लिहीत नाही.

कलम चौथं, गोल टेबल. आता विहीणबाई.

विहीणबाई म्हणजे सूनबाईची आई. बँकेत कॅशियर होत्या, बोटं नोटांवर तयार झालेली. त्या पत्ते पिसायला लागल्या की सगळे खेळ विसरून हाताकडे बघतात. माझा मुलगासुद्धा. मी पिसते तेव्हा तो फोन बघतो. त्यांना पोकर मी शिकवलं, हे कुणाला आठवतंय? त्यांचं घर मोठं, खुर्च्या एकासारख्या एक, माझ्याकडे दोन खुर्च्या आणि एक स्टूल. पण हे सगळं मी गिळलं असतं. नात मला म्हणते नुसतं "आजी" आणि त्यांना म्हणते "माझी आजी". तो एक शब्द मला गेली सतरा वर्षं नखात कुसळ गेल्यासारखा बोचतो आहे. मग मी काय नगरपालिकेची आजी?

मागच्या शुक्रवारी, दवाखान्यातून आल्यावर मी पहिल्यांदाच टेबलावर बसले होते. सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होते. एका डावात शेवटी मी आणि विहीणबाई उरलो. हातात दोघींच्या दोन-दोन पानं, मधे दोघींनाही धरता येतील अशी पाच उघडी, त्यांत एक राणी आणि तीन बदामाची. त्यांनी ती गोष्ट केली, म्हणजे हातात भारी काहीतरी होतं. माझ्याकडे कचरा, चौकी आणि अठ्ठी, बदाम औषधालाही नाही. पण मधे तीन बदाम म्हटल्यावर माझ्याकडे आणखी दोन आहेत असं कुणालाही वाटू शकतं, आणि पाच बदाम जमले की एकासारखी तीन पानंही हरतात. मी कोटाची सगळी बटणं ढकलली आणि हसले. विहीणबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पानं उपडी टाकली. मी जिंकले. मला ताप उतरल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात नातीने पानं गोळा करताना त्यांची उलटून पाहिली, जे कधी करू नये, आणि म्हणाली, "मधली धरून माझ्या आजीकडे तीन राण्या होत्या. तिने सोडून दिलं."

माझ्या डोक्यात एकच आलं, की ह्या बाईने मला जिंकू दिलं. लहान मुलाला देतात तसं, आजारी माणसाला देतात तसं. म्हणजे मोठेपणासुद्धा त्यांनाच. मी पत्ते आवरले आणि दमले आहे म्हणून सांगितलं. शनिवारी वकीलसाहेबांना बोलावून लिहिलं की टेबल कुणालाही द्यावं, सरपणाला द्यावं, पण विहीणबाईंना हात लावू देऊ नये.

काल त्या एकट्या आल्या. मी त्यांना बसा म्हटलं नाही. त्या उभ्यानेच बोलल्या.

"विहीणबाई, मी दया केली असं वाटलं ना तुम्हाला? दया केली असती तर बरं झालं असतं. मी फसले. चांगली पानं आली तरी तुम्ही हसता, वाईट आली तरी हसता. इतकी वर्षं समोर बसते, तुमचं तोंड मला एकदासुद्धा वाचता आलेलं नाही."

मी म्हटलं, "तीन राण्या कोण सोडतं?"

"तुम्ही हसताना बघितलं की मी सोडते," त्या म्हणाल्या. मग पदार्थात मीठ जास्त झालं हे कबूल करावं तशा हळूच म्हणाल्या, "मला तुमचा हेवा वाटतो. माझ्याकडे एवढ्या खुर्च्या आहेत, पण शुक्रवारी सगळे तुमच्या स्टुलावर बसायला धावतात. माझ्याकडे बोलावलं तर म्हणतात, आजींना विचारून सांगतो."

माझा हेवा. मला आजवर सगळ्यांचा वाटत आला, टेलरमास्तरांच्या बायकोचा, शेजारणीच्या गॅलरीचा, विहीणबाईंच्या बोटांचा. माझा कुणाला वाटेल हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी त्यांना बसवलं, चांगल्या कपात चहा दिला आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की डॉक्टरांच्या गोळ्या काय करतील.

म्हणून आता असं ठरवते. मुलाकडे टेबल गेलं तर त्यावर इस्त्रीचे कपडे पडतील. नात शिकायला बाहेरगावी जाईल. दर शुक्रवारी सगळ्यांना फोन करून, न येणाऱ्याला चार शब्द सुनावून टेबल भरवील अशी एकच बाई आहे. सबब गोल टेबल विहीणबाईंना द्यावं. त्यांच्या खुर्च्यांमधे ते शोभणार नाही, हे मला माहीत आहे. न शोभो. जो येईल तो विचारील की हे कुणाचं, आणि त्यांना दर शुक्रवारी माझं नाव घ्यावं लागेल.

साक्षीदारांबद्दल. सहीसाठी मी विहीणबाईंनाच बोलावून ठेवलं होतं. वकीलसाहेब आत्ता म्हणाले, जिला काही मिळतं तिने साक्षीला सही करू नये. म्हणून खालच्या लाँड्रीवाल्यांना वर बोलावलं आहे. विहीणबाई समोर बसून विचारताहेत, माझी सही का नको, काय लिहिलंत असं? डाव संपायच्या आधी पानं दाखवत नाहीत, एवढंच मी म्हटलं. आता त्या चष्मा पुसून माझ्या तोंडाकडे बघताहेत आणि मी हसते आहे.

सही: आजी (वाचता येईल अशी केली आहे)

साक्षीदार: औषधांच्या दुकानवाले भाऊजी, खालचे लाँड्रीवाले. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या, दोघांना काही मिळत नाही, आणि त्याबद्दल भाऊजींनी कहाणी सांगितली.

स्थळ: पुढची खोली, गोल टेबल.
दिनांक: आजचा शुक्रवार, पत्ते वाटायच्या आधी.